आखाजीच्या सकाळी समुद्र कुठे असतो? खान्देशातल्या शाळांसाठी भरती-ओहोटीचं गणित आणि किनाऱ्याच्या अभ्यासाची तयारी

आखाजीला सकाळी खान्देशात घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरली जाते. त्याच सुमारास, आठ-साडेआठच्या दरम्यान, मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र खूप मागे सरकलेला असतो. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात, त्यांच्यावरचं शेवाळ चमकतं, खळग्यांमध्ये खेकडे अडकून राहतात. हे एखाद्याच वर्षी घडतं असं नाही, दरवर्षी घडतं. कारण आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, आणि समुद्र तारखेने चालत नाही, तिथीने चालतो.

किनाऱ्यावरच्या सागरी शिक्षण केंद्रांचं वेळापत्रक पाहिलं की आपल्याकडचे शिक्षक गोंधळतात ते इथेच. खडकांवरून नेणाऱ्या एका फेरीची वेळ सकाळी ६:४५, दुसऱ्या दिवशीची ७:३०, मग आठ-दहा दिवस एकही फेरी नाही, आणि पुन्हा लागोपाठ चार. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातली फ्लेमिंगो बघायची बोटफेरीसुद्धा रोज ठरावीक वेळेला सुटत नाही, खाडीत बोट चालण्याइतकं पाणी कधी असेल त्यावर ती ठरते. या वेळा केंद्रातली माणसं मनाने ठरवत नाहीत. त्या चंद्र ठरवतो.

आणि आपल्या सहली कशा ठरतात? सहामाही झाली की एसटीचा प्रासंगिक करार, गाडी ज्या दिवशी मिळेल तो दिवस, शक्यतो रविवार जोडून. जळगाव-धुळ्याहून रात्रभर प्रवास करून मुलं किनाऱ्यावर पोहोचतात तेव्हा भर दुपारची भरती लागलेली असते. समोर मातकट पाणी, मागे भेळेच्या गाड्या. मुलांनी पाणी पाहिलेलं असतं, समुद्र पाहिलेला नसतो. एवढा खर्च आणि एवढी धावपळ करून हे होऊ नये असं मनापासून वाटतं. ते टाळायला पैसा लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर लागतं.

दिवसातून दोनदा का?

चंद्र पाणी ओढतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चंद्राच्या बाजूला पाणी फुगलं तर दिवसातून एकदाच भरती यायला हवी, दोनदा का येते? वर्गातला एखादा चौकस मुलगा हे विचारतोच, आणि बहुतेक वेळा त्याला नीट उत्तर मिळत नाही.

तीन मुलं एका ओळीत उभी करा आणि त्यांच्यामध्ये रबराचे दोन पट्टे धरायला द्या. पहिलं मूल म्हणजे चंद्राकडच्या बाजूचं पाणी, मधलं म्हणजे पृथ्वी, शेवटचं म्हणजे पलीकडच्या बाजूचं पाणी. आता तिघांनीही चंद्राच्या दिशेने चालायचं आहे, पण पहिल्याने तीन पावलं, मधल्याने दोन आणि शेवटच्याने एकच, कारण अंतर वाढलं की ओढ कमी होते. पावलं टाकून झाल्यावर दोन्ही रबरं ताणलेली दिसतील. पहिलं मूल मधल्याच्या पुढे निघून गेलं, आणि शेवटचं मागे राहिलं. म्हणजे चंद्राकडचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं जातं म्हणून फुगतं, आणि पलीकडचं पाणी पृथ्वीपेक्षा कमी ओढलं जातं म्हणून मागे राहून फुगतं. फुगवटे दोन, त्यामुळे पृथ्वीच्या एका फेरीत आपला किनारा दोन्ही फुगवट्यांखालून जातो.

ही फेरी चंद्राच्या हिशोबाने २४ तासांत पुरी होत नाही. तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून पृथ्वीला साधारण ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं. २४ तास ५० मिनिटांचे दोन भाग केले की एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे ६ तास १२ मिनिटं. रोजची वेळ पाऊण तासाने पुढे सरकते ती यामुळेच.

सूर्यही ओढतो, पण दूर असल्यामुळे त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ जुळते. ही उधाणाची भरती: पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, एकाचं काम दुसरा अर्धवट पुसतो. ही भांगाची भरती. मुंबईचे सरासरी आकडे असे: उधाणात पाणी सुमारे ४.४ मीटरपर्यंत चढतं आणि ०.८ मीटरपर्यंत उतरतं, भांगात ३.३ पर्यंत चढतं आणि १.९ वरच थांबतं. पहिल्या वेळी चढ-उतार साडेतीन मीटरांहून जास्त, दुसऱ्या वेळी दीड मीटरही नाही.

इथे एक हमखास फसगत होते. अष्टमीला ओहोटी बरोबर भर दुपारी येते. मुलं जागी, जेवणं झालेली, ऊन स्वच्छ. शिक्षकांना वाटतं, याहून चांगली वेळ कोणती! पण भांगाची ओहोटी फारशी उतरतच नाही. ज्या खडकांवर खरं जग आहे ते त्या दिवशीही पाण्याखालीच राहतात.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्षातही हेच, वद्य पक्षातही हेच. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी मिळते.

हा हिशोब का जमतो ते मुलांना जरूर दाखवा, गणिताचा एक तास त्यावर सुखाने जाईल. तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्राचं १२ अंशांनी वाढणारं अंतर. पृथ्वी ३६० अंश २४ तासांत फिरते, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटं. एक तिथी पुढे गेली की भरती ४८ मिनिटं पुढे गेली. तोंडी हिशोबासाठी जुन्या लोकांनी ४८ चे ४५ केले, म्हणजे पाऊण तास. प्रत्येक तिथीला तीन मिनिटं सुटतात, पंधरा तिथींना ४५ मिनिटं. म्हणूनच पौर्णिमेला पाऊणपटीने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते.

हा नियम मुंबईच्या आसपासचा आहे, कारण तिथे अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या जवळ येते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मालवणला ती मुंबईच्या आधी येते, खंबातच्या आखातात आतपर्यंत शिरायला तिला उशीर होतो. त्यामुळे दिवस निवडायला तिथी वापरा, पण तास आणि मिनिटं त्या-त्या ठिकाणच्या छापील भरती-ओहोटी तक्त्यावरूनच घ्या.

दिवस कोणता निवडायचा? उधाण नेमकं पौर्णिमेला किंवा अमावास्येला कळसाला पोहोचत नाही, पाण्याला एक-दोन दिवस उशीर लागतो. म्हणून द्वितीया आणि तृतीया सगळ्यात उत्तम. ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते, उजेड असतो, ऊन चढलेलं नसतं. डिसेंबरात दत्त जयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, ती मार्गशीर्ष पौर्णिमा. यात्रा भरली की समजावं, समुद्राला उधाण आलं. त्यानंतरची वद्य द्वितीया-तृतीया म्हणजे सहलीचा दिवस. भाऊबीजही द्वितीयाच, पण त्या दिवशी मुलं मिळणार नाहीत. संक्रांत किंवा २६ जानेवारी धरून सहल ठरवू नका. त्या तारखांना चंद्र कुठे असेल ते दरवर्षी बदलतं.

तक्ता वाचताना

तक्त्यात एका दिवसाच्या साधारण चार नोंदी असतात. नमुन्यादाखल तृतीयेचा एक दिवस धरू:

०१:४५ — ४.१ मीटर
०७:५५ — ०.६ मीटर
१४:०५ — ४.२ मीटर
२०:०० — १.२ मीटर

मोठे आकडे भरतीचे, लहान ओहोटीचे. ही उंची वाळूपासून मोजलेली नसते. त्या बंदरासाठी शून्य पातळी ठरवलेली असते आणि पाणी तिच्या खाली सहसा जात नाही. म्हणून ०.६ म्हणजे पाणी अगदी तळाला गेलेलं, १.९ म्हणजे अजून बरंच वर. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यासाठी १ मीटरच्या खालची ओहोटी शोधा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात हेही वरच्या तक्त्यात दिसेल. सकाळची ०.६ आणि रात्रीची १.२ यांत खडकांच्या एका अख्ख्या पट्ट्याचा फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण ती जिवाशी निगडित आहे. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से करा. पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. वरच्या दिवशी ०.६ पासून ४.२ पर्यंत चढ ३.६ मीटर, म्हणजे हिस्सा ३० सेंटिमीटरचा. ७:५५ ते ८:५५ पाणी फक्त ३० सेंटिमीटर वाढतं. काही बदललेलंच नाही असं वाटतं, आणि मुलं आणखी पुढे जातात. पुढच्या तासात ६० सेंटिमीटर, म्हणजे दहाच्या आत पाचवीतल्या मुलाच्या कमरेएवढं पाणी. आणि त्यानंतरच्या तासात आणखी ९० सेंटिमीटर. माणूस बुडवायला मोठी लाट लागत नाही. मागे परतायची वाट आपल्या पाठीकडून भरत येते, खडकांमधले ओहोळ आधी भरतात आणि आपण बेटावर उरतो.

म्हणून नियम साधा ठेवा: ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी खडकांवर उतरायचं, मागे जाणाऱ्या पाण्याच्या मागोमाग जायचं, आणि तक्त्यातली ओहोटीची वेळ झाली की सगळ्यांनी किनाऱ्याकडे वळायचं. ०७:५५ ची ओहोटी असेल तर ६:२५ ला पाय खडकावर आणि ७:५५ ला शिट्टी. यात सूट नाही.

यावरून आणखी एक गोष्ट ओघाने येते. नंदुरबार-नवापूरकडच्या शाळांना रेल्वेने सुरत जवळ पडतं, आणि आपली तापी तिथेच समुद्राला मिळते. मुलताईहून निघून, हतनूर-सारंगखेडा-उकाई करत ७२४ किलोमीटरचा प्रवास संपतो तो खंबातच्या आखातात. तिथे मुलांना न्यावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण हे आखात नरसाळ्यासारखं आहे. रुंद पाटाचं पाणी एकदम अरुंद चारीत सोडलं की काठ ओलांडून वर येतं, तसं भरतीचं पाणी आत शिरताना उंच होत जातं. भावनगरकडे चढ-उतार १० मीटरच्याही पुढे जातो. बारा हिश्शांच्या हिशोबाने मधल्या एकाच तासात अडीच मीटर! त्यात किनारा खडकाचा नाही, गाळाचा. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि पाणी थांबत नाही. तिथे मुलांनी काठावरून पाहावं, गाळात उतरू नये. तापीचं मुख, सुरतेतला सिंगणपूरचा बंधारा आणि पाल भागातलं महापालिकेचं मत्स्यालय, एवढं एका दिवसात छान होतं. बंधाऱ्यावर मुलांना एकच प्रश्न विचारा: इथे पाणी का अडवलंय? शहराला गोडं पाणी साठवायला हे उत्तर पटकन येईल. भरतीचं खारं पाणी नदीत वर शिरू नये म्हणूनही, हे दुसरं उत्तर त्यांनी शोधायचं आहे.

निघण्याआधी वर्गात

समुद्राचं पाणी वर्गात तयार करता येतं: एक लिटर पाण्याला ३५ ग्रॅम मीठ. किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून घ्या, चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका. पाकिटातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थाने पाणी गढुळतं, म्हणून खडे मीठ बरं.

‘समुद्राच्या पाण्यात अंडं तरंगतं’ असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. करून पाहा: ३५ ग्रॅमच्या पाण्यात ताजं अंडं तळालाच जातं. ते तरंगायला लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे समुद्राच्या साडेतीनपट. ही चूक मुलांनी स्वतः पकडली तर तो धडा ती विसरणार नाहीत.

खरा बघण्यासारखा प्रयोग तापीच्या मुखाचा आहे. काचेची रुंद बरणी गोड्या पाण्याने अर्धी भरा. वेगळ्या भांड्यात मिठाचं पाणी करून त्यात खायचा लाल रंग घाला. सलाईनच्या नळीचं एक टोक बरणीच्या तळाला टेकवा आणि खारं पाणी हळूहळू सोडा. लाल पाणी तळाशी पसरतं आणि गोडं पाणी न ढवळता वर उचललं जातं. भरतीच्या वेळी नदीच्या तोंडात हेच होतं: खालून खारं पाणी पाचरीसारखं आत येतं आणि वरून नदी समुद्राकडे वाहतच असते. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. एक, नळीची धार जोरात सोडली की सगळं ढवळून गुलाबी होतं. दुसरं खास आपल्याकडचं: एक पाणी माठातलं आणि दुसरं गच्चीवरच्या टाकीतलं घेतलं की तापमानात मोठा फरक पडतो, आणि तापमानानेही पाणी हलकं-जड होतं. थर दिसतील, पण मिठामुळे की उष्णतेमुळे, ते सांगता येणार नाही. दोन्ही पाणी रात्रभर एकाच खोलीत ठेवून मग वापरा.

घरच्या फिल्टरची टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारी पेन, बऱ्याच जणांकडे असते. ती थेट समुद्राच्या पाण्यात बुडवली तर आकडा येत नाही, तिची मर्यादाच ओलांडली जाते. १०० मिलिलिटर समुद्राचं पाणी आणि ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी असं दहापट पातळ करा. आकडा ३,००० च्या आसपास येतो. लिटरला ३५ ग्रॅम म्हणजे ३५,००० मिलिग्रॅम, त्याचा दहावा भाग ३,५००. मग ३,५०० का नाही? कारण पेन मीठ मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून अंदाज सांगते. आपल्या बोअरचं पाणी आधी मोजून ठेवलं तर तुलना फार छान होते.

ठिबकच्या फिल्टरची जाळी

समुद्रातलं बहुतेक जीवन डोळ्यांना दिसत नाही. पाण्यासोबत वाहणारे हे जीव म्हणजे प्लवक, आणि त्यांना गाळायला केंद्रांमध्ये बारीक जाळीची लांब पिशवी असते. खान्देशात तिची जागा घेईल अशी वस्तू शेताशेतात आहे: ठिबकच्या स्क्रीन फिल्टरमधली १२० मेशची जाळी. तिची छिद्रं साधारण १३० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. खेकड्यांची पिल्लं, कोपेपॉडसारखे अर्ध्या ते दोन मिलिमीटरचे कवचधारी जीव तिच्यावर अडकतात. वनस्पतिप्लवक मात्र बहुतेक निसटून जातात, हे आधीच सांगून ठेवा.

जाळी नवीच घ्या. शेतात वापरलेल्या जाळीत खतं आणि सफाईच्या ॲसिडचा अंश राहतो आणि जीव लगेच मरतात. दहा लिटरची बादली दहा वेळा भरून पाणी जाळीतून ओता, शंभर लिटर झालं. मग उलट्या बाजूने थोडं पाणी टाकून जाळीवर अडकलेलं २०० मिलिलिटरच्या बरणीत उतरवून घ्या. शंभर लिटरमधले जीव आता एका पेल्यात आले, पाचशेपट दाट. पाणी फुटत्या लाटेत भरू नका, वाळूने जाळी दोन मिनिटांत तुंबते. धक्क्यावरून किंवा शांत खळग्याच्या काठावरून भरा. बरणी सावलीत ठेवा, अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि पाणी परत समुद्रात सोडा. एवढ्या दाटीत प्राणवायू लवकर संपतो.

याची तालीम घरीच करा. गावतळ्यावर, गिरणा किंवा वाघूर धरणाच्या काठावर याच जाळीने गोड्या पाण्यातले कोपेपॉड आणि डॅफ्निया (पाणपिसवा) मिळतात. तिथे हात बसला की समुद्रावरचा वेळ वाया जात नाही.

दुसरं साधन म्हणजे मोजणीची चौकट, ५० बाय ५० सेंटिमीटरची. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, चार एल्बो, आणि दर दहा सेंटिमीटरवर आडवी-उभी ताणलेली चार-चार दोऱ्यांची जाळी. २५ चौकोन होतात, एक चौकोन म्हणजे ४ टक्के. पाइपला भोकं पाडा, नाहीतर ती पाण्यावर तरंगते. ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीची चौकट करायचा मोह होतो, हाताशी असते म्हणून. पण ती गुंडाळीची सवय सोडत नाही, कोन कधीच सरळ राहत नाहीत.

खडकांवर

रात्रभर प्रवास करून थेट खडकांवर जाऊ नका. पेंगुळलेलं मूल शेवाळावर घसरतं आणि खडकाला चिकटलेल्या कालवाच्या (ऑयस्टर शिंपल्याच्या) धारेवर हात टेकतं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. दुपारच्या भरतीला पाणी जिथवर आलं तिथे वाळूत काठी रोवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या काठावर उभं राहून मागे ती काठी पाहिली की भरती-ओहोटी म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही.

पायात मागून बंद, पकड असलेले बूट हवेत. चपला नकोत, अनवाणी तर मुळीच नको. आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस. हात खडकाच्या फटीत घालायचा नाही. सुळक्यासारख्या निमुळत्या शंखाला हात लावायचा नाही, शंकूशंखातला जीव विषारी दंश करतो. उथळ वाळूच्या पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत चालायचं. म्हणजे वाळूत दडलेला, शेपटीला काटा असलेला पाकट मासा आधीच निघून जातो. खरचटलं तर गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा, समुद्राच्या पाण्याने धुऊन भागवू नका.

वरून खाली उतरत जा, कारण खडकावर मजले असतात. सगळ्यात वर, भरतीलाच भिजणाऱ्या पट्ट्यात, छोट्या गोगलगायी आणि बार्नॅकल. मधे कालवं. अगदी खाली, फक्त उधाणाच्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या भागात, समुद्रफुलं (सी ॲनिमोन), स्पंज, रंगीत शेवाळ. प्रत्येक मजल्यावर चौकट तीनदा टाका आणि किती चौकोन कशाने भरलेत ते लिहा. एखाद्या जीवाची वरची सीमा ऊन आणि सुकणं ठरवतं, खालची बहुधा शेजारी आणि शिकारी. हे मुलांना आकड्यांतून दिसायला हवं.

बार्नॅकलपाशी मात्र थांबा. खडकावर पांढऱ्या, टोक कापलेल्या इवल्याशा डोंगरांसारखे ते दिसतात आणि सगळे त्यांना दगडच समजतात. बार्नॅकल बसलेला सुटा शंख किंवा खडा मिळाला तर समुद्राच्या पाण्याच्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि गप्प बसा. तीन-चार मिनिटं काही होत नाही. मग वरची दारं फटीएवढी उघडतात, आतून पिसासारखा पंजा बाहेर येतो, पाणी चाळतो आणि मिटतो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. ते त्याचे पाय आहेत. हा कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद, डोकं खडकाला चिकटवून आयुष्यभर उलटा राहतो आणि पायांनी जेवण ओढतो. डब्यावर सावली पडली की दारं खटकन बंद. हे एकदा पाहिलेलं मूल पुन्हा त्यांच्यावर पाय देऊन चालत नाही.

दगड उलटवायचा असेल तर एकच, हाताच्या पंजाएवढा, आणि आपल्याकडे ओढून उलटवायचा, म्हणजे खालचा जीव पलीकडे पळू शकतो. खालची बाजू वरच्यापेक्षा वेगळीच असते: नारिंगी स्पंजाची साय, पांढऱ्या वेटोळ्या नळ्यांत राहणारे किडे, चपटे खेकडे. एक मिनिट पाहा, मग जसा होता तसाच, तीच बाजू खाली करून ठेवा. उलटा राहिला तर खालच्यांना ऊन सुकवतं आणि वरचं शेवाळ अंधारात मरतं.

काही घरी आणायचं नाही. प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते उचलणं गुन्हा आहे. रिकामा शंखही तिथेच राहू द्या, शंखातल्या खेकड्याला वाढलं की मोठं घर लागतं. बाटलीत घातलेला खेकडा मनमाड यायच्या आत मेलेला असतो: एका लिटर पाण्यात प्राणवायू थोडा, गाडीत पाणी तापत जातं, आणि तापलेलं पाणी प्राणवायू धरून ठेवत नाही.

केंद्राच्या फलकावरच्या बातम्या

सहल ठरवताना केंद्राचे ताजे उपक्रम पाहा, कारण प्रत्येक गोष्टीचा मोसम असतो. कोकणात ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस. म्हणजे ‘घरटं सुरक्षित जागी हलवलं’ अशी बातमी जानेवारीत आली तर पिल्लं मार्चमध्ये. वेळाससारख्या गावात ती सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. पण निसर्ग हजेरीपटावर सही करत नाही; दोन दिवस थांबायची तयारी असेल तरच कासवांसाठी जा. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. खान्देशातल्या मुलांना उन्हाळ्याचा हा परिणाम नक्की विचारात पाडेल.

पावसाळ्यात जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, खडकांवर लाटांचा मारा असतो, आणि निळसर झाक असलेले, दंश करणारे ब्लूबॉटलसारखे जीव वाळूवर वाहून येतात. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय मात्र छताखाली आहे, तिथे तिथी पाहावी लागत नाही. तरी एवढ्या लांब जातोच आहोत तर द्वितीया-तृतीयाच धरा.

परत आल्यावर पहिलं काम धुण्याचं: चौकट, जाळी, सूक्ष्मदर्शकाचा पाट (नमुना ठेवायचा भाग), बुटांचे बंद, सगळं गोड्या पाण्याने. मीठ राहिलं तर धातूचे स्क्रू आठवड्यात गंजतात. दुसरं काम नोंदींचं. प्रत्येक फोटोखाली ठिकाण, तारीख, तिथी आणि तक्त्यातली ओहोटीची उंची लिहा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवलेली असेल तर जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकल्यावर जाणकारांना ओळखायला सोपं जातं. मग चौकटीचे आकडे फळ्यावर लिहून काढा, वरचा मजला वर, खालचा खाली, आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर त्याच तिथीला पेनाने गोल करा.